क्रूझचं बुकिंग झालं, आता विमानाचं तिकीट स्वस्तात कसं काढायचं?

क्रूझचे पैसे भरले की घरातली पुढची चर्चा ठरलेली असते. विमानाचं तिकीट कुठल्या साइटवर स्वस्त मिळतंय? मग मोबाइलवर दोन-तीन अ‍ॅप उघडली जातात, ‘सर्वांत स्वस्त’ हा फिल्टर लावला जातो आणि वर दिसेल ते तिकीट काढलं जातं. दुबईला किंवा बँकॉकला फिरायला जाताना हे चालून जातं. फ्लाइट सहा तास उशिरा पोहोचली तरी हॉटेल जागच्या जागी असतं. जहाज मात्र निघून गेलेलं असतं.

या एका फरकामुळे क्रूझसाठीच्या विमान तिकिटाचं गणित नेहमीच्या तिकिटापेक्षा वेगळं होतं.

जहाज थोडा वेळ थांबत का नाही?

तीन-चार हजार प्रवाशांचं जहाज बंदरातल्या धक्क्यावर ठरावीक वेळेपुरतंच उभं राहतं. सुटायची वेळ बंदराशी, पायलटशी आणि काही ठिकाणी भरती-ओहोटीशी बांधलेली असते. पुढच्या बंदरातली जागाही आधीच ठरलेली असते. शिवाय जहाजावर कोण कोण आहे याची यादी सुटण्याआधी सरकारी यंत्रणेला द्यावी लागते. अमेरिकेत ही अंतिम यादी जहाज निघण्याच्या किमान ६० मिनिटं आधी पाठवणं बंधनकारक आहे. म्हणून पाच वाजता सुटणाऱ्या जहाजाचा चेक-इन काउंटर पाचला बंद होत नाही. तो तास-दीड तास आधीच, काही ठिकाणी त्याहूनही आधी बंद होतो. तिकिटावर छापलेली वेळ जहाज सुटण्याची असते, प्रवाशाने पोहोचण्याची नाही. गफलत इथेच होते.

कंपन्या याबाबत किती कडक असतात, ते मार्च २०२४ मध्ये दिसलं. आफ्रिकेतल्या साओ टोमे बेटावर स्वतःच्या खर्चाने फिरायला गेलेले ८ प्रवासी उशिरा परतले. ‘नॉर्वेजियन डॉन’ हे जहाज अजून समोर नांगरलेलं होतं, तरी त्यांना वर घेतलं गेलं नाही. त्यांच्यापैकी काहींनी देशामागून देश ओलांडत गाम्बियात जहाज गाठायचा प्रयत्न केला, तर तिथे ते बंदराला लागूच शकलं नाही. शेवटी सेनेगलमधल्या डकारला गाठ पडली. हे तर आधीपासून जहाजावर असलेले प्रवासी होते. ज्याने अजून जहाजावर पायही ठेवलेला नाही, त्याच्यासाठी कोण थांबणार?

आणि न पोहोचणाऱ्याला पैसे परत मिळत नाहीत. क्रूझच्या भाषेत तो ‘नो-शो’ असतो.

जाहिरातीतलं रोम आणि नकाशावरचं रोम

स्वस्त तिकीट शोधण्याआधी जहाज नेमकं कुठून सुटतं ते बघावं लागतं. क्रूझच्या जाहिरातीत शहरांची नावं थोडी सैल हाताने लिहिलेली असतात. ‘रोम’ म्हणजे प्रत्यक्षात चिविताव्हेक्किया हे रोमपासून सुमारे ८० किलोमीटरवरचं बंदर. ‘लंडन’ बऱ्याचदा साउदॅम्प्टन असतं, ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र, आणि ‘बँकॉक’ म्हणजे लेम चाबांग, जे शहरापासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. ‘बर्लिन’ तर कमालच. त्यासाठी बाल्टिक समुद्रावरच्या वार्नेम्युंडेला जावं लागतं, आणि ते बर्लिनपासून दोनशे किलोमीटरहून लांब आहे.

व्हेनिसची गोष्ट यात आणखी वेगळी. इटली सरकारने १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना शहरासमोरच्या जुदेक्का कालव्यातून जायला बंदी घातली. त्यानंतर ‘व्हेनिस’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही क्रूझ त्रिएस्ते किंवा राव्हेन्नाहून सुटू लागल्या. राव्हेन्ना व्हेनिसपासून जवळपास दीडशे किलोमीटरवर आहे. म्हणजे व्हेनिसचं विमान तिकीट काढून खूश झालेल्या कुटुंबापुढे मुंबई-नाशिकसारखा एक प्रवास शिल्लकच असतो. राव्हेन्नासाठी बोलोन्याचा विमानतळ जवळचा पडतो, हे तिकीट काढल्यावर कळून उपयोग नाही.

याच्या उलट उदाहरण सिंगापूरचं. मरिना बे क्रूझ सेंटरजवळ मरिना साउथ पिअर हे मेट्रो स्टेशन आहे, तर दुसरं टर्मिनल हार्बरफ्रंट स्टेशनला लागून आहे. चांगी विमानतळावरून टॅक्सीने अर्ध्या तासाच्या आसपास बंदर. बार्सिलोनाचंही तसंच, विमानतळ आणि बंदर एकाच शहरात. फ्लाइट काही हजारांनी महाग असली तरी टॅक्सीचे वाचलेले पैसे धरले की कित्येकदा हीच ठिकाणं स्वस्त पडतात.

अमेरिकेत मुला-मुलींकडे गेलेले आई-वडील तिथून बहामाजची क्रूझ करतात, तेव्हा हाच मुद्दा उलटा कामाला येतो. जहाज मायामीहून असलं तरी फोर्ट लॉडरडेलच्या विमानतळाचे दर बघावेत. दोन्हींत ४५ किलोमीटरच्या आसपास अंतर आहे आणि भाड्यात बऱ्याचदा चांगला फरक असतो.

आदल्या दिवशी पोहोचण्याचा खर्च

क्रूझच्या प्रवासात सर्वांत जास्त दिला जाणारा सल्ला म्हणजे एक दिवस आधी पोहोचा. तो ऐकून बहुतेकांच्या मनात एका रात्रीच्या हॉटेलचा खर्च येतो आणि सल्ला बाजूला पडतो.

समजा, चौघांच्या कुटुंबाने भूमध्य समुद्रातल्या क्रूझसाठी ४ लाख रुपये भरले आहेत. त्याच दिवशी सकाळी पोहोचणाऱ्या फ्लाइटमुळे हॉटेलचे १५ हजार वाचतात. म्हणजे १५ हजारांसाठी ४ लाख पणाला. फ्लाइट वेळेवर आली तर कोणाला काही कळणारही नाही. नाही आली तर?

मुंबईहून बार्सिलोनाला किंवा रोमला जाताना बहुतेक जण दोहा, दुबई, अबुधाबी किंवा इस्तंबूलला विमान बदलतात. २३ जून २०२५ च्या संध्याकाळी कतारने काही तासांसाठी आपली हवाई हद्द बंद केली आणि दोह्याकडे निघालेली विमानं वाटेतच दुसरीकडे वळवावी लागली. हद्द रात्रीतून उघडली, पण घडी बसायला वेळ गेला. घरच्या आघाडीवर डिसेंबर २०२५ आठवावा. ५ डिसेंबरला एकट्या इंडिगोची १ हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली. अशा वेळी पुढच्या फ्लाइटमध्ये जागा मिळायला दिवस-दिवस लागतात. एक रात्र हाताशी असणं हा त्यावरचा पूर्ण इलाज नाही, पण नेहमीच्या उशिरांपैकी बहुतेक त्यात जिरतात.

सिंगापूरच्या बाबतीत थोडी सूट घेता येते. मुंबईहून थेट फ्लाइट साडेपाच तासांची आहे आणि एकाहून जास्त कंपन्यांच्या फ्लाइट आहेत. रात्री निघून सकाळी पोहोचता येतं, आणि जहाजं साधारण दुपारनंतर सुटतात. थेट फ्लाइट असेल तर ही जोखीम काही जण जाणूनबुजून घेतात. पण चार हजार वाचवण्यासाठी कोलंबो किंवा क्वालालंपूरला विमान बदलून त्याच दिवशी जहाज गाठायचं असेल, तर तो जुगार आहे.

मग पैसे वाचवायचे कुठे?

जाण्याच्या दिवसात हात आखडला की अंगावर येतं. बाकी बऱ्याच ठिकाणी वाव आहे.

पहिली जागा म्हणजे चढण्याचं बंदर. एमएससी आणि कोस्टा या कंपन्यांची पश्चिम भूमध्य समुद्रातली अनेक जहाजं आठवडाभर गोल फिरत राहतात. बार्सिलोना, मार्से, जेनोआ, चिविताव्हेक्किया अशी बंदरं एकामागून एक येतात आणि त्यांतल्या बऱ्याच बंदरांवर नवे प्रवासी चढतात. जहाज तेच, सात रात्री त्याच, फक्त सुरुवात वेगळ्या गावी. आपल्याकडे क्रूझ आधी ठरते आणि फ्लाइट नंतर शोधली जाते. या जहाजांसाठी क्रम उलटा करावा. तीन-चार शहरांचे विमान दर बघून त्यात स्वस्त आणि सोयीचं असेल त्या बंदरातून क्रूझ घ्यावी.

दुसरी जागा अशा क्रूझची, जी एका बंदरातून सुटून दुसऱ्या बंदरात संपते. अशा वेळी लोक दोन एकेरी तिकिटं शोधतात आणि आकडा बघून हबकतात. त्याऐवजी बुकिंग साइटवरचा ‘मल्टी-सिटी’ हा पर्याय वापरावा. मुंबई ते बार्सिलोना आणि रोम ते मुंबई असं एकाच तिकिटावर काढलं, तर भाडं अनेकदा नेहमीच्या परतीच्या तिकिटाच्या जवळपास येतं.

तिसरं, मोसम. मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईहून निघणारं प्रत्येक आंतरराष्ट्रीय तिकीट महाग असतं. भूमध्य समुद्रातल्या क्रूझ मात्र एप्रिलपासून ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत चालतात आणि मोसमाच्या शेवटी युरोपातली गर्दी ओसरलेली असते. ज्यांना शाळेच्या वेळापत्रकाची अडचण नाही, त्यांना सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये क्रूझ आणि विमान दोन्हींकडे फायदा होतो.

आणि चौथी जागा परतीची फ्लाइट. येताना कुठलंच जहाज सुटणार नसतं. त्यामुळे लांब ले-ओव्हर, आडवेळ, आठवड्याच्या मधला दिवस या सगळ्या काटकसरी परतीला बिनधास्त कराव्यात. अट एकच, फ्लाइट फार सकाळची नको. जहाज पहाटे बंदराला लागलं तरी प्रवाशांना गटागटाने सोडतात आणि ते साधारण दहापर्यंत चालतं. सामान आदल्या रात्रीच केबिनबाहेर ठेवलेलं असतं, ते खाली टर्मिनलवर शोधावं लागतं. सिंगापूर किंवा बार्सिलोनाला दुपारी बाराच्या आधीची फ्लाइट धरू नये. चिविताव्हेक्कियाहून ट्रेनने रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावर जायचं तर वाटेत गाडी बदलावी लागते, म्हणून तिथे दुपारी दोननंतरची बरी.

दोन स्वस्त तिकिटं की एक महाग?

नागपूर, कोल्हापूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या प्रवाशांसाठी हा खरा प्रश्न आहे. मुंबईपर्यंतचं तिकीट वेगळं आणि पुढचं वेगळं काढलं की ते एकत्र तिकिटापेक्षा स्वस्त दिसतं. पण एकाच पीएनआरवर प्रवास असेल, तर पहिली फ्लाइट चुकल्यावर पुढची सोय करणं विमान कंपनीची जबाबदारी असते. वेगवेगळ्या तिकिटांवर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने प्रवासी आलाच नाही. आणि जातानाची फ्लाइट चुकली की त्याच तिकिटावरची परतीची फ्लाइटही साधारणपणे रद्द होते, हे अनेकांना विमानतळावरच कळतं.

आता यात नवी मुंबईची भर पडली आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून देशांतर्गत उड्डाणं सुरू झाली. स्वस्त तिकीट नवी मुंबईला उतरणारं आणि पुढची फ्लाइट सहारहून, असं झालं तर मधला रस्ता मुंबईच्या ट्रॅफिकमधून जातो. तिकिटावर विमानतळाचं नाव वाचायची सवय आता लावून घ्यावी लागेल. आखाती देशात दोन वेगळ्या तिकिटांवर विमान बदलणाऱ्यांनी सामान थेट पुढे जातं का हेही विचारावं. सामान बाहेर येऊन घ्यायचं असेल, तर त्या देशाचा व्हिसा लागू शकतो.

विमान क्रूझ कंपनीकडूनच घेतलं तर?

प्रिन्सेस, रॉयल कॅरिबियनसारख्या कंपन्या क्रूझसोबत विमान तिकीटही विकतात. फ्लाइटला उशीर झाला तर प्रवाशाला पुढच्या बंदरावर पोहोचवायला त्या मदत करतात. जहाज थांबेल अशी हमी मात्र त्यातही नसते. या योजना मुख्यतः अमेरिकेसारख्या बाजारांसाठी आहेत, त्यामुळे भारतातून बुकिंग करताना ती सोय मिळते का हे आधी विचारावं. आपल्याकडे हेच काम मराठी पर्यटन कंपन्यांच्या ग्रुप टूर करतात. पैसे थोडे जास्त जातात, पण फ्लाइट चुकली तर धावाधाव टूर मॅनेजरची.

यात कराचा एक धागा आहे. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस कापला जातो. आयकर खात्याच्या २०२३ च्या स्पष्टीकरणानुसार फक्त आंतरराष्ट्रीय विमान तिकीट घेतलं, तर ते पॅकेज ठरत नाही. तिकीट आणि राहण्याची सोय एकत्र घेतली की ठरतं. हा पैसा रिटर्न भरताना वळता करून घेता येतो, पण तोपर्यंत अडकून राहतो. त्यामुळे पॅकेज आणि सुटं बुकिंग यांची तुलना करताना टीसीएस धरून आणि न धरून, दोन्ही आकडे मागावेत.

तिकीट कधी काढायचं?

क्रूझ दीड-दोन वर्षं आधी विकायला येतात, विमानाची तिकिटं साधारण ११ ते १२ महिने आधी. युरोपसाठी आणखी एक गाठ आहे. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आधी करता येतो. म्हणजे दर स्वस्त असतात तेव्हा व्हिसा हातात नसतो. रिफंड न मिळणारं सर्वांत स्वस्त तिकीट व्हिसाआधी काढणं म्हणूनच महागात पडू शकतं. तारीख बदलता येणारं किंवा रद्द करता येणारं तिकीट थोडं महाग असलं तरी इथे तेच घ्यावं. जहाज ग्रीसहून निघून तुर्कस्तानच्या कुशादासीला थांबून परत येणार असेल, तर व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा हवा, नाहीतर परत येताना अडचण होते.

व्हिसासाठी काढलेल्या ३० हजार युरोंच्या वैद्यकीय विम्यावर मात्र विसंबू नये. जहाज चुकल्याचं नुकसान त्यात असेलच असं नाही. ‘मिस्ड डिपार्चर’ किंवा ‘मिस्ड कनेक्शन’ हे कलम पॉलिसीत आहे का, ते क्रूझला लागू होतं का आणि किती तासांच्या उशिरानंतर, या तीन गोष्टी वाचाव्यात.

एवढं करूनही फ्लाइट अडकलीच, तर पहिला फोन क्रूझ कंपनीच्या आपत्कालीन नंबरला करावा, नातेवाइकांना नंतर. पुढच्या कुठल्या बंदरावर चढता येईल ते तेच सांगू शकतात. दुसऱ्या बंदरावर चढायला देशाच्या नियमांची परवानगी लागते आणि ती प्रत्येक ठिकाणी मिळत नाही. त्यासाठी तो नंबर, बुकिंग क्रमांक आणि जहाजाच्या सगळ्या थांब्यांची यादी कागदावर लिहून हँडबॅगेत ठेवावी. फोनची बॅटरी नेमकी अशाच वेळी संपते.