कोलेस्टेरॉल : ‘नॉर्मल’ अहवालाचा चकवा

कोलेस्टेरॉल वाढल्याचे निदान झाले, की पहिले काही महिने पथ्य कसोशीने पाळले जाते. गोळीही वेळेवर घेतली जाते. पुढच्या तपासणीत आकडे उतरलेले दिसतात आणि ‘आता सगळे नॉर्मल आहे, मग गोळी कशाला?’ असा विचार बळावतो. नेमकी हीच चूक अनेकांना महागात पडते.

कोलेस्टेरॉल हा मुळात शरीराचा शत्रू नव्हे. पेशींची आवरणे, काही संप्रेरके, ‘ड’ जीवनसत्त्व आणि पित्तरस यांच्या निर्मितीसाठी या स्निग्ध पदार्थाची गरज असते. त्याचा मोठा भाग यकृतच तयार करते. आहारातून मिळणारा वाटा त्यामानाने कमी असतो. म्हणूनच सडपातळ आणि शाकाहारी व्यक्तींमध्येही ते वाढलेले आढळते. आनुवंशिकता आणि थायरॉईडच्या संप्रेरकाची कमतरता ही त्याची काही कारणे होत.

रक्तातील ‘एलडीएल’ हे कण प्रमाणाबाहेर वाढले, की रोहिण्यांच्या अस्तरात शिरून साचू लागतात. वर्षानुवर्षे थर वाढत जातो. मात्र त्याचे कोणतेही लक्षण जाणवत नाही. एखाद्या दिवशी हा थर फाटून त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात ओढवतो.

गोळी नेमके काय करते? यकृताच्या पेशींवर एलडीएल टिपून घेणारी ग्राहके असतात. ती शोधणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ‘स्टॅटिन’ गटातील औषधे यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखतात. तुटवडा भरून काढण्यासाठी पेशी ग्राहकांची संख्या वाढवतात आणि रक्तातील एलडीएल ओढून घेतात. गोळी बंद होताच निर्मिती पूर्ववत सुरू होते आणि काही आठवड्यांतच आकडा पुन्हा चढतो. अहवाल ‘नॉर्मल’ येतो, तो गोळी सुरू असते म्हणूनच!

दुसरा चकवा अहवालावर छापलेल्या मर्यादेचा. ‘कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया’ने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सर्वसामान्य व्यक्तीचे एलडीएल १०० मिलिग्रॅमपेक्षा (प्रति डेसिलिटर) कमी असावे. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्या, जास्त जोखमीच्या रुग्णांसाठी ही मर्यादा ७०, तर हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांसाठी ५५ आहे. म्हणजे ९५ हा आकडा एकाला समाधानकारक, तर दुसऱ्याला धोक्याचा ठरू शकतो.

आहारातही असाच गैरसमज आढळतो. वनस्पतिजन्य तेलात कोलेस्टेरॉल जवळपास नसतेच; त्यामुळे डब्यावरील ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ या शब्दाला फारसा अर्थ नाही. खरा प्रश्न संपृक्त आणि ट्रान्स मेदाचा आहे. तेला-तुपातील ट्रान्स मेदावर देशात २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे. तरीही साय, लोणी, तूप, खारी, फरसाण आणि तळणीचे पदार्थ बेतानेच खावेत. कडधान्ये, पालेभाज्या, ओट्स, इसबगोल यांतील तंतूंचा एलडीएल उतरण्यास हातभार लागतो. रोजचे चालणे आणि तंबाखू सोडणे यांनाही पर्याय नाही.

गोळीमुळे काहींचे स्नायू दुखतात. अशा वेळी परस्पर औषध थांबवण्याऐवजी डॉक्टरांना सांगावे. मात्रा किंवा औषध बदलता येते. गर्भवती किंवा गर्भधारणेचा विचार करणाऱ्या महिलांनीही तशी कल्पना आधीच द्यावी. ‘गोळी कधी बंद करू?’ या प्रश्नाआधी ‘माझ्यासाठी योग्य आकडा कोणता?’ हे विचारणे अधिक शहाणपणाचे.