अमेरिका : फ्रीडम टू फॅसिझम

प्राप्तिकर व मध्यवर्ती बँक या विषयांवरील एक वादग्रस्त अमेरिकन राजकीय अनुबोधपट. निर्माता व दिग्दर्शक ॲरन रूसो (१९४३–२००७). हा चित्रपट २८ जुलै २००६ रोजी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मोजक्या चित्रपटगृहांत प्रदर्शित झाला आणि पुढे आंतरजालावरून विनामूल्य पाहता येऊ लागल्याने त्याचा फार मोठा प्रसार झाला. वेतनावर प्राप्तिकर भरण्यास भाग पाडणारा कोणताही कायदा अमेरिकेत अस्तित्वात नाही, हे त्याचे मुख्य प्रतिपादन होय. त्याच्या जोडीने, ‘फेडरल रिझर्व्ह’ ही खाजगी बँकरांची संस्था असून तिने नागरिकांना कर्जाच्या बंधनात अडकविले आहे, असेही त्यात सांगितले आहे. ही दोन विधाने एकाच सूत्रात गुंफलेली असली, तरी त्यांचे मोल सारखे नाही आणि त्यांविषयीच्या वादाचे स्वरूपही वेगवेगळे आहे.

रूसोचा जन्म न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे झाला. गायिका-अभिनेत्री बेट मिडलर हिचा व्यवस्थापक म्हणून त्याने काम केले. द रोझ (१९७९) आणि ट्रेडिंग प्लेसेस (१९८३) हे त्याने निर्मिलेले चित्रपट लोकप्रिय ठरले. नंतर तो राजकारणाकडे वळला. १९९८ मध्ये नेव्हाडा राज्याच्या गव्हर्नरपदासाठी रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी त्याने मागितली. २००४ मध्ये लिबर्टेरियन पक्षातर्फे राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी तो उभा राहिला. दोन्ही वेळा त्याला अपयश आले. प्रस्तुत चित्रपट या राजकीय प्रवासातून निर्माण झाला. तो कर्करोगाने मरण पावला.

चित्रपटाची रचना शोधयात्रेसारखी आहे. दिग्दर्शक स्वतः कॅमेऱ्यासमोर वावरतो आणि ‘कायदा दाखवा’ हा एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारतो. करवसुली करणाऱ्या ‘इंटर्नल रेव्हेन्यू सर्व्हिस’ या यंत्रणेतून बाहेर पडलेले जोसेफ बॅनिस्टर व शेरी जॅक्सन, करविरोधी चळवळीतील आर्विन शिफ, फेडरल रिझर्व्हवर टीका करणारा लेखक जी. एडवर्ड ग्रिफिन आणि टेक्सस राज्यातून प्रतिनिधिगृहावर निवडून आलेला रॉन पॉल हे त्यातील प्रमुख वक्ते होत. शासनाची बाजू मांडण्याचे काम मुख्यतः शेल्डन कोहेन या माजी महसूल आयुक्ताच्या (१९६५–६९) वाट्याला आलेले दिसते. उत्तरार्धात राष्ट्रीय ओळखपत्र, रेडिओ लहरींवर चालणारी चिप, मतदानयंत्रे असे विषय एकामागून एक येतात आणि मूळ प्रश्न मागे पडतो. २००५ च्या ‘रिअल आयडी’ कायद्यान्वये मे २००८ पासून प्रत्येक नागरिकास चिप बसविलेले ओळखपत्र बाळगावे लागेल, हे भाकीत खोटे ठरले. त्या कायद्याची अंमलबजावणी वारंवार पुढे ढकलली जाऊन विमानतळांवर ती ७ मे २०२५ रोजी सुरू झाली. ओळखपत्रात अशी चिप असणे कायद्याने बंधनकारक केलेले नाही.

चित्रपटातील कथानकाचा कणा म्हणजे १९१३ हे वर्ष. त्या वर्षी संविधानाची सोळावी दुरुस्ती संमत झाली आणि डिसेंबरमध्ये फेडरल रिझर्व्ह अधिनियमावर राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन याने स्वाक्षरी केली. या योगायोगात रूसोला कट दिसतो. इतिहास मात्र अधिक सरळ आहे. यादवी युद्धाच्या खर्चासाठी १८६१ मध्ये प्राप्तिकराचा पहिला कायदा झाला व १८७२ मध्ये तो कर बंद पडला. १८९४ मध्ये तो पुन्हा बसविण्यात आला. परंतु पोलॉक खटल्यात (१८९५) सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो अवैध ठरविला. मालमत्तेपासूनच्या उत्पन्नावरील कर हा ‘प्रत्यक्ष’ कर आहे व असा कर राज्यांमध्ये लोकसंख्येच्या प्रमाणातच विभागून बसविता येतो, असा त्या निर्णयाचा आशय होता. ही अडचण दूर करण्यासाठी काँग्रेसने १९०९ मध्ये घटनादुरुस्ती प्रस्तावित केली. ३ फेब्रुवारी १९१३ रोजी आवश्यक तेवढ्या राज्यांचे अनुसमर्थन मिळाले आणि ती अंमलात आली. त्याच वर्षी बसविलेल्या करातून ३,००० डॉलरपर्यंतचे उत्पन्न वगळले होते आणि मूळ दर १ टक्का होता. साहजिकच सामान्य पगारदाराचा त्याच्याशी संबंध आला नाही. तो आला दुसऱ्या महायुद्धात. १९४३ पासून मालकाने पगारातूनच कर कापून घेण्याची पद्धत सुरू झाली आणि श्रीमंतांचा कर बहुसंख्यांचा कर बनला. करविरोधी चळवळीला पुढील काळात जो श्रोतृवर्ग लाभला, त्याचे मूळ १९१३ पेक्षा या बदलात अधिक आहे.

सोळाव्या दुरुस्तीवरील आक्षेप बिल बेन्सन या ग्रंथकाराकडून आलेला आहे. त्याने राज्यांच्या दप्तरांत जाऊन अनुसमर्थनाच्या ठरावांच्या प्रती गोळा केल्या आणि त्यांत मूळ मजकुराहून वेगळे शब्द, विरामचिन्हे व मोठी-लहान अक्षरे आढळतात, हे दाखविले. यातील वस्तुस्थिती खरी आहे. केवळ चार राज्यांच्या ठरावांत मजकूर तंतोतंत उतरला होता. इलिनॉयच्या प्रतीत ‘गणना’ या अर्थाच्या शब्दाऐवजी ‘मोबदला’ या अर्थाचा, उच्चाराने जवळचा शब्द पडला होता. पण हे काही दडवून ठेवलेले गुपित नव्हते. परराष्ट्रमंत्री फिलँडर नॉक्स याच्यासमोर १९१३ मध्येच हे दोष मांडण्यात आले होते आणि ते लेखनिकांचे प्रमाद समजून त्याने दुरुस्ती संमत झाल्याचे प्रमाणपत्र दिले. १९८६ मध्ये टॉमस खटल्यात सातव्या विभागाच्या अपील न्यायालयाने हा आक्षेप सविस्तर तपासून फेटाळला. स्वतः बेन्सनला हाच बचाव करचुकवेगिरीच्या आरोपातून वाचवू शकला नाही. हा बचाव विकत देऊन लोकांची दिशाभूल करण्यास न्यायालयाने त्याला पुढे मनाई केली व २००९ मध्ये अपिलातही ती कायम राहिली. ओहायओ १९५३ पर्यंत राज्यच नव्हते, असाही एक युक्तिवाद करविरोधकांत प्रचलित आहे. त्या राज्याच्या शताब्दी-सार्धशताब्दीच्या हौसेतून निघालेल्या औपचारिक ठरावाचा तो विपर्यास होय. १८०३ पासून ओहायओ संघराज्यात आहे आणि त्याने देशाला अनेक राष्ट्राध्यक्ष दिले आहेत.

चित्रपटाचा दुसरा आधार म्हणजे १९१६ चे सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय. सोळाव्या दुरुस्तीने कर आकारण्याचा नवा अधिकार दिलेला नाही, असे न्यायालयाने स्टँटन खटल्यात म्हटले होते. एवढेच वाक्य उचलले, तर प्राप्तिकर निराधार वाटू लागतो. न्यायालयाचे म्हणणे नेमके उलट होते : उत्पन्नावर कर बसविण्याचा अधिकार काँग्रेसला मुळापासूनच आहे, दुरुस्तीने फक्त लोकसंख्येच्या प्रमाणाची अट काढून टाकली. अर्धे वाक्य ऐकविण्याची ही रीत चित्रपटात इतरत्रही दिसते. ‘कायदा दाखवा’ या प्रश्नाचे उत्तर तर अंतर्गत महसूल संहितेतच छापलेले आहे. तिचे पहिले कलम कर बसविते, ६१ वे कलम सेवेच्या मोबदल्यासह सर्व उत्पन्न त्यात मोडते असे सांगते, ६०१२ वे विवरणपत्र भरण्याची व ६१५१ वे कर भरण्याची जबाबदारी टाकते. हेतुपुरस्सर टाळणाऱ्यास ७२०१ व ७२०३ या कलमांखाली शिक्षा आहे. करव्यवस्था ‘स्वेच्छेची’ आहे, या महसूल यंत्रणेच्या आवडत्या शब्दाने मात्र तिचेच नुकसान केले. त्याचा अर्थ इतकाच की, कर किती येतो याचा हिशेब प्रथम करदात्याने स्वतः मांडावयाचा. भारतात यालाच स्वयंनिर्धारण म्हणतात. भरावा की न भरावा, ही निवड त्यात अभिप्रेत नाही.

मग काही जण निर्दोष सुटले कसे? प्रेक्षकाच्या मनावर सर्वाधिक परिणाम करणारा भाग हाच आहे. २००३ मध्ये मेंफिस येथे एका वैमानिक स्त्रीला ज्यूरीने निर्दोष ठरविले. २००५ मध्ये बॅनिस्टरही सुटला. याचा उलगडा चीक खटल्यात (१९९१) सापडतो. करविषयक कायदे अत्यंत गुंतागुंतीचे असल्यामुळे, आपल्यावर कर लागू नाही असे आरोपीला प्रामाणिकपणे वाटत असेल, तर ती समजूत कितीही अवास्तव असली तरी ‘हेतुपुरस्सरता’ सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात ठरविले. म्हणजे ज्यूरी आरोपीच्या मनाविषयी निर्णय देते, कायद्याच्या अस्तित्वाविषयी नव्हे. सुटलेल्या व्यक्तीकडून थकलेला कर, व्याज व दंड वसूल करता येतो आणि त्या वैमानिक स्त्रीलाही अखेर शासनाशी देण्याबाबत तडजोड करावी लागली. ज्याच्या नावाने हा बचाव ओळखला जातो, तो चीक फेरसुनावणीत दोषी ठरला, ही गोष्टही लक्षणीय आहे. शिवाय एकदा न्यायालयाने वा यंत्रणेने युक्तिवाद निरर्थक असल्याचे कळविल्यावर ‘प्रामाणिक समजुती’चा आधार उत्तरोत्तर दुबळा होत जातो.

या फरकाची किंमत अनेकांनी मोजली. शिफ २००५ मध्ये दोषी ठरला, त्याला तेरा वर्षांहून अधिक शिक्षा झाली आणि २०१५ मध्ये तो बंदिवासातच वारला. जॅक्सन हिला, चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर, विवरणपत्रे न भरल्याबद्दल चार वर्षांची शिक्षा झाली. अशाच मतांच्या सल्लागारांच्या नादी लागलेला अभिनेता वेस्ली स्नाइप्स २००८ मध्ये कटाच्या व फसवणुकीच्या आरोपांतून सुटला, परंतु विवरणपत्रे न भरल्याबद्दल त्याला तीन वर्षांची कैद झाली. निरर्थक विवरणपत्राबद्दलचा दंड काँग्रेसने २००६ अखेरीस ५०० डॉलरवरून ५,००० डॉलरपर्यंत वाढविला.

चित्रपटाचे सर्वांत परखड परीक्षण द न्यूयॉर्क टाइम्स मध्ये डेव्हिड के जॉन्स्टन या करविषयक वार्ताहराने जुलै २००६ अखेरीस केले. २००१ चे पुलिट्झर पारितोषिक त्याला याच क्षेत्रातील वृत्तलेखनासाठी मिळाले होते. चित्रपटातील कायदेविषयक विधाने खोडून काढतानाच, रूसोकडून २० लाख डॉलरहून अधिक कर येणे असल्याचे दाखले त्याने पुढे आणले. हा मुद्दा चित्रपटाशी संबंधित नाही, अशी रूसोची भूमिका होती. तर्काच्या दृष्टीने ती चूक नाही, कारण बोलणाऱ्याच्या थकबाकीवरून त्याचे विधान खोटे ठरत नाही; तथापि प्रेक्षकाला हितसंबंध ठाऊक असणे आवश्यक होते. विल्सनच्या नावे दिलेले पश्चात्तापाचे अवतरणही असेच संशयास्पद आहे. त्याचा आरंभ विल्सनच्या कोणत्याही लेखनात सापडत नाही आणि उरलेला भाग १९१२ च्या प्रचारभाषणांतून, म्हणजे फेडरल रिझर्व्ह स्थापन होण्यापूर्वीच्या काळातून, घेतलेला आहे.

फेडरल रिझर्व्हविषयीची टीका इतक्या सहजपणे निकालात काढता येत नाही. १९०७ च्या आर्थिक घबराटीत बँका वाचविण्यासाठी जे. पी. मॉर्गन या खाजगी बँकरावर अवलंबून राहण्याची पाळी देशावर आली. नोव्हेंबर १९१० मध्ये सिनेटर नेल्सन ऑल्ड्रिच, पॉल वॉरबर्ग, फ्रँक व्हँडरलिप आदी मंडळींनी जॉर्जियातील जेकिल बेटावर गुप्तपणे जमून मध्यवर्ती बँकेचा आराखडा केला. या गुप्ततेची कबुली पुढे सहभागी व्यक्तींनीच दिली, त्यामुळे संशयाला जागा राहिली यात नवल नाही. मात्र संमत झालेला अधिनियम ऑल्ड्रिचच्या आराखड्याची नक्कल नव्हता. खाजगी बँकरांच्या नियंत्रणाऐवजी शासननियुक्त मंडळ त्यात आले.

खाजगी की सरकारी, या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर देणे अवघड आहे. वॉशिंग्टन येथील सात सदस्यांचे नियामक मंडळ ही संघशासनाची संस्था आहे. सदस्यांची नियुक्ती राष्ट्राध्यक्ष सिनेटच्या संमतीने चौदा वर्षांसाठी करतो. बारा प्रादेशिक रिझर्व्ह बँकांचे भाग मात्र सदस्य-बँकांकडे असतात. हे भाग विकता वा गहाण ठेवता येत नाहीत. त्यांवरील लाभांशाला कायद्याने मर्यादा असून तो दीर्घकाळ ६ टक्के होता (मोठ्या बँकांसाठी २०१६ पासून कमी). खर्च व लाभांश वजा जाता उरलेला नफा राजकोषात जमा होतो. २०१४ मध्ये अशी रक्कम सु. ९७ अब्ज डॉलर होती. २०२२ मध्ये व्याजखर्च वाढल्यावर हा भरणा थांबला. तेव्हा प्राप्तिकराचा पैसा व्याजरूपाने बँकरांच्या खिशात जातो, हे चित्रपटातील समीकरण टिकत नाही. न्यायालयाने लुइस खटल्यात (१९८२) प्रादेशिक बँकांना ‘खाजगी मालकीच्या’ म्हटले ते नुकसानभरपाईच्या एका विशिष्ट अधिनियमापुरते. भागभांडवलाच्या मालकीवरून मध्यवर्ती बँकेचे स्वरूप ठरत नाही, हे भारतीय वाचकास सहज पटेल. रिझर्व्ह बँक ऑफ इंडियादेखील १९३५ मध्ये भागधारकांची बँक म्हणून स्थापन झाली आणि १ जानेवारी १९४९ रोजी तिचे राष्ट्रीयीकरण झाले.

खरा मतभेद उत्तरदायित्वाचा आहे. व्याजदर ठरविणाऱ्या समितीत बारा मतदार असतात आणि त्यांपैकी पाच प्रादेशिक बँकांचे अध्यक्ष असतात; त्यांना सिनेटची संमती लागत नाही. शासकीय लेखापरीक्षणाची तरतूद १९७८ मध्ये झाली, परंतु चलनविषयक धोरण तिच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आले. निवडणुकीच्या तोंडावर स्वस्त पैशाचा मोह राजकारण्यांना होतो, म्हणून हे अंतर हवे, असे बहुसंख्य अर्थतज्ज्ञ मानतात. २००८ च्या अरिष्टात फेडरल रिझर्व्हने वित्तसंस्थांना प्रचंड प्रमाणावर कर्जे दिली, तेव्हा हे अंतर किती असावे हा प्रश्न डाव्या व उजव्या दोन्ही गटांनी उपस्थित केला. २०१० च्या डॉड-फ्रँक अधिनियमान्वये त्या कर्जांची एकवार तपासणी झाली व तिचा अहवाल जुलै २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. संपूर्ण लेखापरीक्षणाचे रॉन पॉलचे विधेयक जुलै २०१२ मध्ये प्रतिनिधिगृहात ३२७ विरुद्ध ९८ मतांनी संमत झाले, पण सिनेटने ते विचारातच घेतले नाही. त्याचा पुत्र सिनेटर रँड पॉल याने जानेवारी २०१६ मध्ये पुन्हा प्रयत्न केला. त्या वेळी बाजूने ५३ व विरुद्ध ४४ मते पडली. विधेयक चर्चेस घेण्यासाठी ६० मतांची आवश्यकता होती.