दंड भरला, पण खाते मिटले का?

गेल्या चातुर्मासातील एक संध्याकाळ. सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपून मी गॅलरीत बसलो होतो. इतवारीत कापडाचे दुकान असलेला माझा भाचा आला आणि त्याने हातातला कागद पुढे केला. गाडी माझ्या नावावर आहे. पण वसुलीसाठी जालन्याला जाताना तो ती घेऊन जातो. समृद्धी महामार्गावर वेगमर्यादा ओलांडल्याचे एक चलन पूर्वी आले होते. दंड भरून आम्ही दोघेही ते विसरलो होतो. आता दुसरे आले होते, आणि त्या वेळी गाडी कोण चालवत होते, अशी विचारणा गाडीचा मालक म्हणून माझ्याकडे झाली होती.

भाचा खाली मान घालून म्हणाला, "मामा, दुसऱ्या वेळेला लायसन्सच जातं म्हणतात. माझी वसुली थांबेल. तुम्हाला आता गाडी कुठे लागते? तुमचं नाव लिहून टाका ना. दंड मी भरतो."

मी एवढेच म्हणालो, "उद्या सकाळी ये." छत्तीस वर्षे बँकेत इतरांच्या सह्या तपासण्यात गेली, स्वतःच्या सहीपुढे इतका वेळ थांबण्याची पाळी प्रथमच आली होती. त्या रात्री जे वाचले आणि जे सुचले, ते वाचकांपुढे ठेवतो. कारण आज आपल्या समाजात चारचाकी नाही आणि चलन आले नाही, असे घर क्वचितच सापडेल.

विलायतेतील पर्याय

आपल्यापैकी अनेकांचे नातलग लंडन-लेस्टरला आहेत. तेथे कॅमेऱ्याने वेग टिपला की चालकापुढे बहुधा दोन वाटा असतात. पहिली वाट शंभर पौंड दंड आणि परवान्यावर तीन दोषगुणांची. दुसरी वाट वेग-जागृती वर्गाची. त्याचे शुल्क स्वतः भरायचे, सुमारे अडीच-तीन तास बसायचे, आणि मग दोषगुण लागत नाहीत. हा वर्ग मागून मिळत नाही, पोलिसांनी देऊ केला तरच मिळतो. वेग मर्यादेपेक्षा फार अधिक असेल तर तो देऊ केला जात नाही. ताशी ३० मैलांच्या रस्त्यावर साधारणतः ४२ मैलांपर्यंतच ही सवलत असते. तीन वर्षांत एकदा तिचा लाभ घेतला की पुन्हा मिळत नाही.

दोषगुणांचा हिशेबही चोख आहे. तीन वर्षांत बारा झाले की सामान्यतः परवाना काही काळासाठी जातो. नव्या चालकाला पहिल्या दोन वर्षांत सहा गुणांचीच मर्यादा आहे. म्हणजे नुकताच परवाना मिळालेला तरुण दोन चुकांत परवाना गमावून बसतो.

या वर्गाचा उपयोग होतो का? २०१८ साली ब्रिटिश सरकारच्या परिवहन खात्याने सुमारे चौदा लाख चालकांच्या नोंदी तपासून घेतलेला अहवाल प्रसिद्ध झाला. दंड आणि दोषगुण स्वीकारणाऱ्यांपेक्षा वर्गाला बसलेल्यांनी पुन्हा तोच गुन्हा कमी केला, असे त्यात आढळले. अपघात कमी झाल्याचे मात्र आकड्यांनी सिद्ध झाले नाही. तरीही निष्कर्ष विचार करण्याजोगा आहे. दंडाने खिसा हलका होतो. स्वतःला तीन तास बसवून ऐकायला लावले की माणसाच्या वागण्यात काही फरक पडतो.

दुसऱ्याचे दोषगुण आपल्या अंगावर

भाच्याने मला जे सुचवले, तेच विलायतेत एका मंत्र्याच्या घरी घडले होते. ख्रिस ह्यून हे ब्रिटनच्या मंत्रिमंडळातील सदस्य. २००३ साली त्यांची गाडी वेगात सापडली. दोषगुण वाढून परवाना जाईल या भीतीने, गाडी आपण चालवत होतो असे त्यांच्या पत्नी विकी प्राइस यांनी लिहून दिले. पुढे संसार मोडला आणि आठ वर्षांनी ही गोष्ट बाहेर आली. २०१२ मध्ये मंत्रिपद गेले आणि मार्च २०१३ मध्ये न्यायालयाने दोघांनाही आठ-आठ महिन्यांचा कारावास ठोठावला. वेगाचा मूळ अपराध किरकोळ होता. तुरुंग दाखवला तो खोट्या सहीने.

आपल्याकडेही मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ नुसार, विचारणा झाल्यास चालक कोण होता हे सांगणे मालकावर बंधनकारक आहे. जाणूनबुजून खोटी माहिती दिल्यास कलम १७९ नुसार दोन हजार रुपयांपर्यंत दंड, एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. कायदा बाजूला ठेवला तरी सत्य अणुव्रताचे पाच अतिचार आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यांत 'कूटलेखक्रिया' म्हणजे खोटा लेख लिहिणे, हा एक आहे. तो सांगताना आपले पूर्वाचार्य व्यापाऱ्याच्या गादीकडे आणि वहीकडेच पाहत असावेत, असे मला नेहमी वाटते.

आपल्या कायद्यात निवड नाही

विलायतेप्रमाणे 'वर्ग की दोषगुण' अशी निवड आपल्याकडे नाही. २०१४ च्या रस्ते वाहतूक व सुरक्षा विधेयकाच्या मसुद्यात दोषगुणांची पद्धत सुचवली होती. २०१९ च्या दुरुस्ती कायद्यात ती आली नाही. पण त्या दुरुस्तीने जे आणले, ते आपल्या समाजात फार थोड्यांना ठाऊक आहे.

कलम १८३ नुसार हलक्या वाहनाने वेगमर्यादा ओलांडली तर एक ते दोन हजार, आणि मध्यम व जड वाहनाला दोन ते चार हजार रुपये दंड आहे. अपराध पुन्हा घडला तर परवाना जप्त करून परवाना अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो. चालकाला म्हणणे मांडण्याची संधी देऊन अधिकारी कलम १९ खाली त्याला पहिल्या वेळी तीन महिन्यांसाठी अपात्र ठरवू शकतो; त्यानंतरच्या वेळी परवाना रद्दही होऊ शकतो. ज्याचा परवाना निलंबित झाला, त्याला उजळणी प्रशिक्षण घ्यावे लागते. म्हणजे परवान्यावरील शिक्षा आणि वर्ग, दोन्ही एकत्रच पदरी पडतात.

खरी मेख कलम २०० मध्ये आहे. आपण जे चलन भरतो, ती कायद्याच्या भाषेत तडजोड असते. रक्कम भरली की विषय संपला, असे आपण समजतो. परंतु २०१९ पासून त्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की, तडजोड झाली तरी तो अपराध पूर्वी घडलेला अपराध म्हणूनच मोजला जाईल, आणि परवान्यावरील कारवाई किंवा उजळणी प्रशिक्षण यांतून सुटका होणार नाही.

व्यापारी वाचकांना हे एका उदाहरणाने चटकन उमगेल. थकलेले कर्ज एकरकमी तडजोडीने मिटवले की बँक तगादा थांबवते. पण सिबिलच्या अहवालात त्या खात्यापुढे 'क्लोज्ड' असे न येता 'सेटल्ड' असे येते. पुढचा बँक अधिकारी तो शब्द वाचतो आणि चष्मा पुसून अर्जदाराकडे पुन्हा पाहतो. भरलेले चलनही तसेच आहे. रक्कम मिटली तरी नोंद उरते. लोकअदालतीत सूट मिळेल म्हणून चलने साठवून ठेवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. सूट मिळालीच तर ती रकमेपुरती असते.

सदतीस मिनिटांचा नफा

समृद्धी महामार्ग आपल्या दारातून, शिवमडक्यापासून सुरू होतो. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग. मोटारीला तेथे ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे.

त्या रात्री मी कागदावर हिशेब मांडला. नागपूर ते शिर्डी १२० च्या वेगाने चार तास वीस मिनिटे लागतात. १४० च्या वेगाने तीन तास त्रेचाळीस मिनिटे. नफा सदतीस मिनिटांचा. एक सामायिक अठ्ठेचाळीस मिनिटांचे असते. तितकाही वेळ वाचत नाही. आता नुकसानीची बाजू. १२० च्या वेगाने गाडी एका सेकंदात तेहतीस मीटर जाते, १४० ने जवळपास एकोणचाळीस. धडकेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तो छत्तीस टक्क्यांनी अधिक होतो. असा प्रस्ताव कर्जासाठी माझ्या टेबलावर आला असता, तर मी तो पहिल्याच वाचनात परत पाठवला असता.

१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याकडे निघालेली खाजगी बस सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली आणि पंचवीस जीव गेले. त्या अपघाताच्या कारणांची चर्चा येथे करायची नाही; पण त्या रस्त्यावर एका क्षणाची किंमत काय असते, हे विदर्भातील माणसाला निराळे सांगावे लागत नाही.

त्याच वर्षी परिवहन विभागाने या महामार्गावर समुपदेशन केंद्रे सुरू केली. वेगमर्यादा मोडणाऱ्या चालकाला थांबवायचे, अपघातांच्या चित्रफिती दाखवायच्या, प्रश्न विचारायचे आणि शपथ द्यायची, अशी ती योजना. त्याआधी ऑगस्ट २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने अतिवेगासाठी किमान तीन महिने परवाना निलंबित करावा, आणि हेल्मेट वा सीटबेल्ट नसणाऱ्यांचे दंडापूर्वी किमान दोन तास समुपदेशन करावे, असे राज्यांना कळवले होते. विलायतेतील वर्गाचीच ही आपली आवृत्ती. तिची टिंगल करण्याची आपली सवय मात्र जात नाही. "दंड घ्या पण भाषण नको," असे आपण म्हणतो. पैसे देणे आपल्याला सोपे वाटते. थांबून ऐकणे जड जाते.

शास्त्र काय सांगते

तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात प्रायश्चित्ताचे नऊ प्रकार सांगितले आहेत. त्यांत आलोचना पहिली. गुरूपुढे आपला दोष जसा घडला तसा सांगणे. पुढे एक प्रकार 'छेद' हा आहे. त्यात साधूच्या दीक्षेचा काळ कमी धरला जातो आणि त्याची ज्येष्ठता घटते. दोषगुण म्हणजे एक प्रकारचा छेदच. परंतु क्रम पाहावा. छेद येण्यापूर्वी आलोचना येते. दोष कबूल केल्याविना पुढचे कोणतेही प्रायश्चित्त फळत नाही. आणि दुसऱ्याने आपल्या वतीने आलोचना केल्याचे तर मी कोठेही वाचलेले नाही.

साधूंच्या पाच समितींत ईर्यासमिती पहिली. पुढची चार हात जमीन पाहून पाऊल टाकावे, मुंगीलाही इजा होऊ नये, असा तिचा भाव. पायी विहार करणाऱ्या आपल्या साधू-साध्वींच्या रक्षणासाठी आपण मागे-पुढे स्वयंसेवक ठेवतो, आणि त्याच रस्त्यावरून आपल्याच मोटारी सुसाट धावतात. हिंसेच्या मुळाशी प्रमाद असतो, असे शास्त्र सांगते. अतिवेग हा प्रमादच होय.

आणखी एक गोष्ट दुकानदार वाचकांसाठी. कृत, कारित आणि अनुमोदित, असे कर्म तीन प्रकारे बांधले जाते, हे आपण जाणतो. कलम १८३ मध्येही जवळजवळ हेच आहे. स्वतः वेगात चालवणारा जसा दोषी, तसाच नोकराकडून तसे करवून घेणारा मालकही दोषी. मर्यादा मोडल्याविना गाठणे शक्य नाही अशा वेळेत पोहोचण्याचा हुकूम दिला असेल, तर तो हुकूमच मालकाविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा ठरतो. "दुपारी बाराच्या आत माल पोहोचलाच पाहिजे," हे वाक्य आपण गादीवर बसून किती सहज उच्चारतो!

सकाळ

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून भाचा आला. मी कागद त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणालो, "गाडी तू चालवत होतास. मी तुझेच नाव लिहिले आहे. पहिले चलन आले तेव्हा मी तुला काहीच विचारले नाही, हा माझा दोष. तोही आज कबूल करतो." तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, आईला तुम्हीच सांगा."

यथावकाश परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित झाला. त्या काळात तो एसटीने जालन्याला गेला. एकही देणेकरी पळून गेला नाही. एक व्यापारी तर म्हणाला, "शेठ, बसने आलात? मग आज हिशेब पुरता करूनच देतो." उजळणी प्रशिक्षणातून परतल्यावर भाच्याने आपणहून सांगितले की, बारा वर्षे गाडी चालवून पुढच्या गाडीपासून अंतर किती ठेवावे, हे त्याला प्रथमच कळले.

परवाना परत मिळाल्यावर गाडीची किल्ली न्यायला तो आला, तेव्हा बहिणीने त्याच्यासोबत एक निरोप पाठवला होता: "दादा, आता हा निघताना पोहोचायची वेळ सांगत नाही. पोहोचल्यावर फोन करतो."