मस्कादे: नावावर जाऊ नका

आजची वाइन फ्रान्सची, मस्कादे. कोडमध्ये कुणी व्हेरिएबलला असं नाव दिलं असतं ना, तर रिव्ह्यूमध्येच अडकलं असतं. कारण मस्कादेचा मस्कॅट द्राक्षाशी काहीच संबंध नाही. सुगंधी, गोडसर काहीतरी समजून घेतलीत तर पैसे फुकट. ही कोरडी असते, म्हणजे साखर जवळपास नाहीच, आणि आंबटपणा चांगला खणखणीत.

द्राक्षाचं नाव मेलों द बुर्गोन्य. मूळ बर्गंडीचं, पण आज पिकतं मुख्यतः लुआर नदीच्या मुखाकडे, नांत शहराच्या आसपास. १७०९ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात तिथल्या वेली मेल्या, मग थंडी सोसणारं हे द्राक्ष जोरात लावलं गेलं. डीएनएनुसार हे शार्दनेचं सख्खं भावंड आहे बरं का!

बाटलीवर ‘स्यूर ली’ असं लिहिलेलं बघूनच घ्या. आंबवण झाल्यावर मेलेलं यीस्ट तळाशी बसतं. त्या गाळावरच वाइन हिवाळाभर ठेवतात आणि तिथूनच थेट बाटलीत भरतात. द्राक्षाची स्वतःची चव बेताचीच, त्यामुळे हा गाळच तिला भरीवपणा देतो. कधीकधी ताज्या पावासारखा वास येतो, जिभेवर किंचित चुरचुरतं.

सोबत काय खायचं? नांतकडे कच्ची कालवं. वाइनचा आंबटपणा तिथे लिंबाचं काम करतो. याच हिशोबाने आपल्या तिसऱ्या किंवा रवा लावून तळलेली मांदेलीही जमतील. तांबड्या रश्श्यासमोर मात्र तिचा आवाजसुद्धा ऐकू येणार नाही.