रंगीत पट्ट्यांचा दगड आणि त्याची धूळ

नांगरट झाली, पहिला पाऊस पडून गेला की रानातले दगड धुऊन निघतात. काळ्या मातीत मग लाल, तपकिरी, पिवळसर खडे उठून दिसायला लागतात. काहींवर तर साडीच्या काठासारख्या पट्ट्या असतात. पोरं ते खिशात भरून आणतात आणि आपण अंगणात टाकून देतो. हाच दगड कापून चकचकीत केला की शहरात शोभेची वस्तू म्हणून विकला जातो, दगड जमवणारे हौशी लोक तो कपाटात मांडून ठेवतात. म्हणून गटाच्या बैठकीत कधीतरी प्रश्न निघतोच, की हे काम आपण घरी केलं तर? त्याचं उत्तर देण्याआधी दगड ओळखून घेऊ.

याला जॅस्पर म्हणतात. अकीक, ज्याला काही जण हकीक म्हणतात, तो याचाच भाऊ आणि आपली पांढरी गारगोटीही याच कुळातली. तिघांचाही मूळ पदार्थ एकच, सिलिका. फरक ओळखायची युक्ती सोपी आहे. दगडाची पातळ कड बॅटरीच्या उजेडासमोर धरा. उजेड आरपार झिरपला तर अकीक, अजिबात नाही झिरपला तर जॅस्पर. पुष्कळदा एकाच दगडात दोन्ही असतात, त्यात गोंधळून जायला नको. चाकूच्या पात्यानं यावर चरा पडत नाही, उलट हाच दगड फुटक्या बांगडीच्या काचेवर चरा पाडतो. आणि घासल्यावर तो कसा दिसेल हे बघायचं असेल तर पाण्यात बुडवून काढा. ओल्या दगडाचा जो रंग, साधारण तोच पॉलिशनंतरचा.

हा आपल्या रानात आला कसा? आपला महाराष्ट्र बराचसा लाव्हाच्या थरांवर वसलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतल्या भेगांमधून लाव्हा बाहेर आला, पसरला, थंड झाला आणि त्याचा काळा कातळ झाला. थंड होताना त्यातले वायू अडकून राहिले आणि इडलीला जाळी पडते तशी कातळाला भोकं पडली. पुढे हजारो वर्षं खडकातून झिरपणारं पाणी सिलिका विरघळवून या पोकळ्यांत आणत राहिलं. अंघोळीच्या बंबात आतून क्षाराचे थर कसे चढतात? तसंच, एकावर एक. पाण्यात लोखंड किती आलं त्यावर थराचा रंग ठरला. लाल रंग म्हणजे आपला गेरूच, पिवळा-तपकिरी म्हणजे पाणी धरलेला गंज. वरचा कातळ झिजून माती झाली, पण हे खडे कठीण, ते तसेच उरले.

पट्ट्यांचा जॅस्पर दुसऱ्या एका रीतीनंही होतो. झारखंडमधला सिंहभूम आणि ओडिशातला केओंझर या भागांत लोखंडाच्या खाणी आहेत. तिथे लाल जॅस्परची एक पट्टी, मग पोलादी करड्या लोखंडाची एक, असे थर मिळतात. ते लाव्हातले नव्हेत, जुन्या समुद्राच्या तळाशी साचलेले आहेत, आणि वय अडीचशे कोटी वर्षांहून जास्त. संग्राहकांना या दगडाचं भारी आकर्षण असतं.

आपल्याकडे या दगडांची ओळख फार जुनी. शिरूर तालुक्यातल्या इनामगावच्या उत्खननात अशा दगडांचे मणी निघाले, ते तीन हजार वर्षांपूर्वीचे. दोन हजार वर्षांपूर्वी 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक भाषेतल्या प्रवासवर्णनात नोंद आहे, की पैठणहून पट्टेदार दगड गाड्यांत भरून भडोच बंदराला जात असे. पैठण म्हटलं की आपल्याला पैठणीच आठवते, पण दगडही गेला आहे तिथून!

आता पैशांचं बोलू. जॅस्पर दुर्मिळ नाही, तो ढिगानं मिळतो. म्हणून कच्च्या दगडाला किंमत फार थोडी. पैसा मिळतो तो पट्ट्यांच्या देखणेपणाला, कापण्याच्या कौशल्याला आणि पॉलिशला. संग्राहक आणखी एक गोष्ट बघतो, दगड कुठला. गाव, तालुका लिहिलेली चिठ्ठी सोबत असलेला दगड त्याला बिनचिठ्ठीच्या दगडापेक्षा जास्त मोलाचा. खरे चांगले नमुने कसे मांडतात हे बघायचं असेल तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय गटानं एकदा जरूर बघावं.

पण एक सांगते. फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारनं ३१ खनिजं गौण खनिजांच्या यादीत घातली, त्यात अकीक आणि जॅस्परही आहेत. आपल्या महसूल कायद्याप्रमाणे खनिजावर हक्क सरकारचा. पोरांनी खिशात आणलेल्या चार खड्यांची गोष्ट वेगळी, पण विक्रीसाठी पोती भरायची तर आधी तहसील कार्यालयात विचारायला हवं. 'आम्ही बघतो ते' असं सांगणाऱ्या व्यापाऱ्याच्या भरवशावर राहू नये. आणि हा दगड गळ्यात घातला की साखर उतरते, रक्तदाब जातो, असं सांगून विकणारेही भेटतात. दगड सुंदर आहे, तेवढंच. गोळ्या चालू ठेवा.

आता घरी घासण्याबद्दल. दगड हिऱ्याच्या कणांच्या पात्यानं कापतात, मग खरखरीत चाकावर, त्याहून बारीक चाकावर, असं करत शेवटी मऊ नमद्यावर पॉलिशची पूड लावून चमकवतात. चमक म्हणजे काही वर लावलेला थर नव्हे. वरवंट्याच्या घासणीनं पाटा जसा गुळगुळीत होतो तसा दगडच गुळगुळीत होतो. पण जे घासून जातं ते कुठं जातं? हवेत. आणि ती असते सिलिकाची धूळ.

गुजरातमधल्या खंभातला अकीकाचा धंदा शेकडो वर्षांचा. तिथे हे काम कारखान्यात कमी आणि घराघरांत जास्त चालत आलं. ओसरीवर विजेचं चाक, शेजारी चूल, पाळण्यात मूल. घासणारा एक, पण धूळ सगळ्या घराच्या छातीत. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनं तिथे तपासण्या केल्या तेव्हा कारागिरांमध्ये सिलिकोसिस आढळला. या रोगात सर्वांत बारीक कण, जे डोळ्यांना दिसतही नाहीत, फुप्फुसात खोल जाऊन बसतात आणि तिथे वण धरतात. फुप्फुस कडक होत जातं. आधी चढावर दम लागतो, मग सपाटीवर, मग बसल्या जागी. झालेलं नुकसान भरून काढणारं औषध नाही. क्षयरोगाचा धोकाही वाढतो. काम घरातलं असल्यामुळे कारखाना कायद्याचं संरक्षण नाही, भरपाई मागायची तर मालक कोण हेच दाखवता येत नाही.

म्हणून कुणी 'मशीन आम्ही देतो, दगड आम्ही देतो, नगावर मजुरी घ्या' असं म्हणत आलं, तर माझं मत स्पष्ट आहे. राहत्या घरात कोरडं चाक नकोच. पदर किंवा रुमाल नाकाला बांधून ही धूळ अडत नाही. करायचंच तर वस्तीपासून वेगळी शेड हवी, चाकावर सतत पाण्याची धार हवी, धूळ ओढून घेणारा पंखा हवा, तोंडाला एन-९५ मास्क हवा. दगड आणि वाळूसारखी पूड पाण्यासह पिंपात फिरवत ठेवायची पद्धत त्यातल्या त्यात बरी, तिला काही आठवडे लागतात. पण खाली उरणारा गाळही वाळला की पुन्हा धूळच, म्हणून तो ओला असतानाच पिशवीत बांधायचा. तिथे झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. कामाचे कपडे शेडमध्येच बदलायचे. या सगळ्याचा खर्च मजुरीच्या हिशेबात बसत नसेल, तर धंदा परवडत नाही असंच धरायचं.

तयार दगड विकत आणून त्यांच्या माळा ओवणं, चिठ्ठ्या लावून जत्रेत किंवा प्रदर्शनात मांडणं, यात धूळ नाही. तिथे फक्त रंगवलेल्या मालावर नजर हवी. भडक गुलाबी, जांभळा, निळा दगड असेल तर नेलपॉलिश काढायच्या पाण्यात कापूस बुडवून घासा, कापसाला रंग लागला तर दगड रंगवलेला.

आणि तुमच्या घरात कुणी दगड घासायच्या, फोडायच्या किंवा खाणीच्या कामावर गेलेलं असेल आणि खोकला, दम हटत नसेल, तर दवाखान्यात गेल्यावर हे काम किती वर्षं केलं ते आधी सांगा. छातीच्या फोटोत सिलिकोसिस आणि क्षय सारखे दिसू शकतात. कामाचं कळलं नाही तर डॉक्टर फक्त क्षयाचाच विचार करतील.