जांभळाचा रंग आणि बाटलीवरचा आकडा

मे महिन्यात देहूरोडच्या बाजारात करवंदांच्या पाट्या दिसू लागतात, पावसाच्या तोंडावर जांभळं येतात. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि ही फळं हमखास वर्गात नेते. जांभळाच्या रसात खाण्याचा सोडा टाकला की रस निळसर-हिरवट होतो. लिंबू पिळलं की पुन्हा लाल. ही किमया अँथोसायनिनची, म्हणजे पॉलिफेनॉल कुळातल्या एका रंगद्रव्याची.

कडक ऊन, कीड आणि बुरशीपासून बचाव व्हावा म्हणून झाड ही द्रव्यं तयार करतं. आवळ्याचा तुरटपणाही याच कुळातला: टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि जीभ कोरडी पडते.

ही द्रव्यं मोजायला प्रयोगशाळेत फळाच्या अर्कात फोलिन-सिओकॅल्टू द्रावण घालतात. निळा रंग जितका गडद, तितकी पॉलिफेनॉल जास्त. मात्र 'क' जीवनसत्त्वानेही हा रंग येतो, त्यामुळे आवळ्याचा आकडा फुगू शकतो.

शिवाय परीक्षानळी म्हणजे शरीर नव्हे. बरीचशी पॉलिफेनॉल आतड्यात शोषलीच जात नाहीत. न शोषलेल्यांचं रूप आतड्यातले जिवाणू आणि शोषलेल्यांचं यकृत बदलून टाकतं. म्हणूनच अमेरिकेच्या कृषी विभागाने २०१२ मध्ये खाद्यपदार्थांच्या परीक्षानळीत मोजलेल्या अँटिऑक्सिडंट (ऑक्सिडीकरण रोखण्याच्या) क्षमतेची आपली यादी मागे घेतली.

तेव्हा बाटलीवर असे आकडे मिरवणाऱ्या महागड्या पावडरींच्या नादी लागू नका. मोसमातली करवंदं, जांभळं स्वच्छ धुऊन सालीसकट खा. तंतू, जीवनसत्त्वं आणि पॉलिफेनॉल एकत्र मिळतात ती अख्ख्या फळातच.