विश्लेषण : कुरडया-पापड चैत्रातच का घालतात? गच्चीवरच्या वाळवणामागचं हवेचं गणित काय?

होळी झाली, पाडव्याची गुढी उतरली की महाराष्ट्रातल्या अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते : गहू कधी भिजत घालायचे? वरवर हा स्वयंपाकघरातला प्रश्न वाटतो, पण तो खरा हवामानाचा आहे. आज भिजवलेल्या गव्हाची कुरडई चौथ्या दिवशी उन्हात पडते. चौथ्या दिवशी ऊन असेल की नाही, याचा निर्णय मात्र आजच घ्यावा लागतो.

गेल्या वर्षी आमच्या घरी हा निर्णय चुकला आणि चूक माझी होती. ‘मोबाईलवर बघ रे, पाऊस आहे का,’ असं आजीनं विचारलं. ॲपवर पुढचे पाच दिवस पिवळाधमक सूर्य दिसत होता. ‘घाल बिनधास्त,’ मी म्हणालो. कुरडया घातल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास वळीव कोसळला. चार मजले चढून आम्ही गच्चीवर पोहोचेपर्यंत पाच किलो गव्हाच्या कुरडया पाण्यात होत्या. यंदा आजीनं मला काही विचारलं नाही. त्यामुळे हा विषय मीच हाती घेतला.

चैत्र-वैशाखच का?

आपल्या पंचांगात चैत्र आणि वैशाख हे वसंताचे महिने. वाळवणाचा हंगामही साधारण हाच. ‘या दिवसांत ऊन कडक असतं’ हे उत्तर बरोबर असलं तरी अर्धवट आहे. पदार्थ वाळतो म्हणजे त्यातलं पाणी हवेत जातं, आणि त्यासाठी हवेत जागा असावी लागते.

हवा जितकी गरम, तितकं तिच्यात बाष्प जास्त मावतं. 38 अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे 46 ग्रॅम बाष्प राहू शकतं. पुण्यातली एप्रिलची कोरडी दुपार घ्या आणि सापेक्ष आर्द्रता 20 टक्के धरा. 46 पैकी जेमतेम 9 ग्रॅम आधीच भरलेले आहेत, 37 ग्रॅमची जागा रिकामी आहे. आता ऑगस्टची दुपार घ्या : 27 अंश, आर्द्रता 85 टक्के. क्षमता 26 ग्रॅम, भरलेले 22, जागा उरली फक्त 4 ग्रॅमची. नऊ पटींचा फरक आहे. डिसेंबरमध्ये 28 अंश आणि 40 टक्के धरले तर जागा 16 ग्रॅमच्या आसपास निघते. म्हणून थंडीत पदार्थ वाळतात, पण रेंगाळतात. शिवाय दिवस लहान आणि ऊन तिरपं.

उन्हाची ताकद वेगळी मोजायची. निरभ्र आकाशात भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर साधारण 1,000 वॅट ऊर्जा पडते. जुनी सुती साडी गच्चीवर पसरली तर ती सहा चौरस मीटरच्या आसपास भरते. म्हणजे एका साडीवर सहा किलोवॅट, तीन-चार इंडक्शन शेगड्या एकदम चालू ठेवल्यासारखं. वीजबिल शून्य.

कुरडईला चार दिवस का लागतात?

वाळवणात कुरडई सर्वात वेळखाऊ. तीन दिवस गहू भिजत ठेवायचे, रोज पाणी बदलायचं. आमच्याकडे यासाठी लोकवन गहू लागतो. (हे ‘लोकवन’ म्हणजे ‘लोक-1’. गुजरातमधल्या सणोसरा इथल्या लोकभारती संस्थेत तयार झालेलं हे वाण. ‘वन’ म्हणजे जंगल नव्हे, इंग्रजी एक. मला हे बातमीदारीत आल्यावर कळलं.) भिजताना गहू थोडा आंबतो, दाणा मऊ पडतो आणि आतलं पिष्ट म्हणजे स्टार्च सहज सुटं होतं. मग गहू वाटायचा, फडक्यातून गाळायचा आणि ते दुधासारखं पाणी रात्रभर स्थिर ठेवायचं. सकाळी वर पिवळसर आंबट पाणी, तळाला पांढराशुभ्र घट्ट चीक. उरलेला चोथाही वाया जात नाही, त्याच्या भुसवड्या होतात.

खरी परीक्षा चीक शिजवताना. आधणाच्या पाण्यात मीठ-हिंग घालून चीक ओतायचा आणि एकानं लाकडी दांड्यानं सतत हाटायचं. गव्हाच्या पिष्टाचे कण साधारण 60 अंशांच्या आसपास पाणी शोषून फुगू लागतात. तोवर ताकासारखं असलेलं मिश्रण दोन-तीन मिनिटांत इतकं घट्ट होतं की दांडा फिरत नाही. इथं हात थांबला की गुठळी. पांढरा रंग जाऊन काचेसारखी चकाकी आली की चीक शिजला, हे आजीचं माप. अभियांत्रिकीच्या चार वर्षांत द्रवाची घनता आणि दाटपणा यांतला फरक पाठ केला होता. दंडाला कळला तो यंदा.

चीक गरम असतानाच सोऱ्यात भरावा लागतो. तो थंड होऊ लागला की पिष्टाचे रेणू पुन्हा एकमेकांना चिकटतात, चीक आळतो आणि तार तुटते. म्हणून कुरडयांच्या सकाळी घरात धावपळ असते. एक जण शिजवतो, एक जण सोऱ्या भरतो, एक जण घालतो आणि बाकीचे वाट्या घेऊन उभे असतात.

त्या वाट्या गरम चिकासाठी. आमच्याकडे त्यात दूध-साखर, समोरच्या काकूंकडे तूप, त्यांच्या माहेरी कच्चं तेल. यावरून दरवर्षी तोच वाद होतो आणि दरवर्षी सगळे दोन-दोन वाट्या खातात. दुसरा खाऊ संध्याकाळी मिळतो : वरून कडक, आतून चिवट, अर्धवट वाळलेली कुरडई. कावळे हाकलायला बसवलेली मुलंच ती सर्वात जास्त संपवतात, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असतं.

पूर्ण वाळलेल्या कुरडईतही किंचित पाणी उरतं, आणि ते हवंच असतं. गरम तेलात त्याची क्षणात वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे 1,700 पट जागा मागते. ही वाफ पिष्टाला आतून फुगवते आणि कढईत कुरडई उमलते.

हे सगळं कुरडईचं झालं. खानदेशात बिबडे, विदर्भात सरगुंडे, कोकणात फणसाचे पापड आणि आंब्याची साठं, बाकी सांडगे, शेवया, सालपापड्या सगळीकडेच. तत्त्व तेच. कोकणात हवा दमट असल्यानं वेळ जास्त लागतो, एवढंच. उडदाच्या पापडाचं मात्र उलटं. तो थेट कडक उन्हात ठेवला तर कडा आधी आकसतात आणि तडकतो, म्हणून त्याला थोडं ऊन आणि बरीचशी सावली.

ॲपवर सूर्य असताना पाऊस कसा पडतो?

वळीव हा मान्सूनसारखा दूरवरून वर्दी देत येणारा पाऊस नाही. दिवसभर तापलेल्या जमिनीवरून गरम हवा वर चढते, समुद्राकडून आलेलं बाष्प तिला मिळतं आणि दुपारनंतर उंच ढग उभे राहतात. असा एक ढग काही किलोमीटरचा असतो, तासाभरात कोसळून मोकळा होतो. एका पेठेत गारा आणि दुसरीत धूळ, हे पुण्याला नवं नाही. हवामानाची संगणकीय प्रारूपं वातावरणाचे काही किलोमीटरचे चौकोन पाडून गणित करतात. ‘या जिल्ह्यात मेघगर्जनेसह पावसाची शक्यता’ हे ती काही दिवस आधी सांगू शकतात. तो ढग तुमच्या गच्चीवर येईल का, हे चार दिवस आधी सांगणं त्यांच्या आवाक्याबाहेरचं आहे. ॲपमध्ये तर ही सगळी शक्यता एका चित्रात बसवलेली असते.

म्हणजे मी काय चुकलो? मी चित्र पाहिलं, मजकूर वाचला नाही. गहू भिजवण्याआधी भारतीय हवामान विभागाचा पुढच्या काही दिवसांचा जिल्हानिहाय इशारा पाहावा. त्यात ‘मेघगर्जना’ हा शब्द असेल तर थांबावं. वाळवण गच्चीवर असताना विभागाचा पुढच्या तीन तासांसाठीचा ‘नाउकास्ट’ पाहावा. आणि घरात आजी असेल तर तिला विचारावं. ‘वारा पडला, अंगाला चिकचिक झाली की उचला,’ असं आमची आजी म्हणते. चिकचिक म्हणजे हवेतलं बाष्प वाढलं, घाम उडेनासा झाला. हा आर्द्रतामापक बराच जुना आहे.

भिजलेलं वाळवण पुन्हा वाळवावं का?

गेल्या वर्षीचा खरा तणाव पावसानंतर सुरू झाला. आजीनं भिजलेल्या कुरडया पुन्हा पसरल्या. दोन दिवस मळभ राहिलं. तिसऱ्या दिवशी आईला काही कुरडयांवर काळे-हिरवे ठिपके दिसले आणि तिनं सगळं टाकून दिलं. आजी त्या दिवशी जेवली नाही. अन्न टाकणं तिच्या हिशेबात बसत नाही, त्यातून चार दिवसांची मेहनत.

शास्त्र आईच्या बाजूनं आहे. सूक्ष्मजीवांना वापरता येईल असं पाणी पदार्थात किती आहे, हे ‘वॉटर ॲक्टिव्हिटी’ या 0 ते 1 च्या मापानं मोजतात. ते 0.6 च्या खाली गेलं की जीवाणू आणि बुरशी वाढत नाहीत. कडकडीत वाळलेली कुरडई वर्षभर टिकते ती यामुळे. भिजून तशीच राहिली की बुरशीला मोकळं रान. काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. ते तळण्याच्या उष्णतेनं पूर्ण नष्ट होत नाही. त्यामुळे ‘तळल्यावर काही होत नाही’ हा समज धोक्याचा. नुसते थेंब पडले असतील तर लगेच घरात आणून पंख्याखाली पसरावं आणि दुसऱ्या दिवशी ऊन द्यावं. ठिपका दिसला, कुबट वास आला की टाकावं. आजी रुसली तरी.

गच्ची नसेल तर बाल्कनीत वाळतं का?

शहरांत हा प्रश्न मोठा. गच्चीवर सोलर पॅनल आणि टाक्या, उरलेली जागा कुलपात. मग बाल्कनी. पण इथं सूर्यच आडवा येतो. पुण्यात एप्रिलच्या मध्याला दुपारचा सूर्य क्षितिजापासून सुमारे 81 अंशांवर असतो आणि 13 मेच्या सुमारास तर थेट डोक्यावर, शून्य सावलीचा दिवस. डोक्यावरचं ऊन वरच्या मजल्याचा स्लॅब अडवतो. डिसेंबरात दक्षिणेच्या बाल्कनीत आतपर्यंत येणारं ऊन एप्रिलमध्ये कठड्यावरच थांबतं. पूर्व किंवा पश्चिमेची बाल्कनी असेल तर अर्धा दिवस मिळतो. अशा घरात शेवया, सांडगे जमतात. कुरडयांसाठी पंख्याची जोड लागते आणि एखादा दिवस जास्त.

बिनउन्हाचं वाळवण याआधी कुणी केलं होतं का? केलं होतं, आणि त्याची गोष्ट याच हंगामातली आहे. 15 मार्च 1959 रोजी गिरगावातल्या सात महिलांनी 80 रुपये उसने घेऊन एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला घेतले. तेच पुढे ‘लिज्जत’. पहिल्याच पावसाळ्यात चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. पापड खाटेवर, स्टोव्ह खाली. पावसाळ्यातली तीच 27 अंशांची 85 टक्के दमट हवा 45 अंशांपर्यंत तापवली, की बाष्प तेवढंच राहून आर्द्रता सुमारे 32 टक्क्यांवर येते. त्या सातजणींतल्या जसवंतीबेन पोपट यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

पण गच्ची मिळाली, ऊन मिळालं, तरी हात कुठून आणायचे? वाळवणाच्या आठवणी लिहिताना हा भाग बहुतेक वेळा गाळला जातो. पहाटे पाचला उठून चीक हाटणारी बाई त्या आठवणीत नसते, चीक खाणारी मुलं असतात. वाड्यात आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे असं चालायचं. आता तेवढ्या जणी एका इमारतीत एकाच दिवशी मोकळ्या नसतात. बचत गटाकडून विकत आणण्यात म्हणूनच काही कमीपणा नाही. आईचं तेच म्हणणं होतं. आजीचं नव्हतं.

तडजोड झाली : पाच किलोऐवजी दोन किलो, आणि हाटायचं मी. सुट्टी बघून नव्हे, जिल्ह्याचा इशारा बघून गहू भिजवले. आजीला आता चार मजले चढवत नाहीत. तिनं खालूनच व्हिडीओ कॉल लावायला सांगितला. कुरडया बघितल्या, मोठ्या घातल्या म्हणून आईला बोलली, मग म्हणाली, ‘फोन वर कर, पश्चिमेकडचं दाखव.’ मी आकाश दाखवलं. मला तरी ते निळंच दिसत होतं.

साडेतीनला पुन्हा फोन आला. ‘उचला.’

आम्ही उचलल्या. पाऊस काही आला नाही. दुसऱ्या दिवशी परत पसरल्या, तिसऱ्या दिवशी डब्यात भरल्या. मोजल्या तेव्हा 94 भरल्या. घालताना त्या 107 होत्या, आणि राखणीला माझा भाचा होता.